थंडीचे कपडे

लघुपटाच्या कलाविभागात असलं की पडद्यावर दिसणारी वस्तू न् वस्तू जमवावी लागते. या लघुपटाची गोष्ट जानेवारी 1948 मधली. कराचीत 6 तारखेला दंगल उसळते आणि एक सिंधी कुटुंब आगबोटीने मुंबईला निघतं. शूटिंग उल्हासनगरात, एका जुन्या बरॅकमध्ये होतं. ही मुळात लष्करी छावणी. फाळणीनंतर निर्वासितांना इथेच उतरवलं. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी नव्या गावाची कोनशिला बसवली, तरी पत्त्यांत ‘बरॅक नंबर’ अजून लिहितात.

त्या दिवशी पेटी भरण्याचा प्रसंग होता. पत्र्याची पेटी मी आठवडाभर खपून सजवली होती: आजोबांची तसबीर, चांदीचा पेला, लग्नातलं जरीचं वस्त्र. शेजारच्या ऐंशी ओलांडलेल्या अम्मा सकाळपासून खुर्ची टाकून बसल्या होत्या. कराची सुटली तेव्हा त्या आठ वर्षांच्या. पेटीत डोकावून म्हणाल्या, “यात स्वेटर कुठंय?”

मला कळेना.

“आईने थंडीचेच कपडे घेतले होते. स्वेटर, शाली, दोन रल्ल्या.” रल्ली म्हणजे त्यांच्याकडची तुकड्यातुकड्यांची गोधडी. “गर्मी से पहले तो लौटना था ना.”

तसबिरी भिंतीवरच राहिल्या. चार महिन्यांसाठी कोण उतरवतं?

मी पेटीसमोर तसाच बसून राहिलो. घर कायमचं सुटणार, हे आमच्या पेटीला आधीच ठाऊक होतं. अम्मांच्या आईला नव्हतं. मग अम्मा पुढचं सांगत गेल्या. एप्रिलात अशाच बरॅकमध्ये साड्यांचे आडपडदे लावून चार कुटुंबं राहत होती. पोरांच्या अंगात लोकर, अंगभर घामोळं. आई रात्री कंदिलाशी बसून स्वेटरच्या बाह्या कापायची.

दिग्दर्शिकेने जेवणाची सुट्टी लवकर घेतली. मे महिन्यात लोकरीचे कपडे कुठून आणायचे? गल्लीतल्या तीन घरांनी माळ्यावरची गाठोडी सोडली. पटकथेतल्या आईचं हुंदके देणंही दिग्दर्शिकेने काढून टाकलं, आणि ते फार बरं केलं.

संध्याकाळी शॉट झाला. अभिनेत्रीने लहानसा स्वेटर उचलला, बाह्या आत दुमडल्या आणि पेटीत ठेवला. संवाद एकही नाही. अम्मा मॉनिटरसमोर होत्या. ‘कट’ झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

“एक वही पण टाक, बेटा. मार्चमध्ये माझी परीक्षा होती.”