जालन्याच्या सीमास्टरची नोंद : डायल न रंगवण्याचा निर्णय

मागील नोंदीत जालन्याहून आलेल्या पोलादी ओमेगा सीमास्टरचा केवळ उल्लेख झाला होता. आज सात महिन्यांनी ते घड्याळ परभणीत माझ्या टेबलावर चालत आहे आणि त्याच्याविषयी घेतलेला सर्वांत मोठा निर्णय, म्हणजे डायलला हात न लावण्याचा, सविस्तर लिहून ठेवण्यासारखा आहे.

घड्याळ एका कापूस व्यापाऱ्याच्या घरातले. मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून बाहेर पडला तरी या घराची मोठी खरेदी पुढेही हैदराबादलाच होत राहिली, आणि आजोबांनी हे घड्याळ तिथल्या आबिद्स बाजारातून आणले होते. आतली मशीन ५५२ क्रमांकाची, म्हणजे ऑटोमॅटिक, २४ ज्युवेल्सची (झीज कमी करणारे खडे), ताशी १९,८०० ठोक्यांची आणि तांबूस झळाळीची आहे. मशीनवरचा अनुक्रमांक १ कोटी ९० लाखांच्या घरातला असल्याने घड्याळ १९६२च्या आसपासचे ठरते. मागच्या झाकणावरचा समुद्री घोडा अजून खोल उमटलेला आहे, याचा अर्थ त्या झाकणावर पॉलिशचे चाक फारसे फिरलेले नाही.

डायल मात्र पाहताक्षणी निराश करणारी होती. मूळचा रुपेरी रंग कडेकडेने सायीसारखा पिवळसर झाला आहे आणि चारच्या खुणेजवळ मोहरीएवढे दोन काळे ठिपके आहेत. ज्यांना ज्यांना ती दाखवली, त्यांपैकी बहुतेकांनी नवा रंग चढवून घेण्याचा सल्ला दिला. आपल्याकडे हे काम स्वस्तात होते, आणि नेमक्या याच कामामुळे भारतातून बाहेर जाणाऱ्या जुन्या घड्याळांकडे जगभरचे संग्राहक ‘मुंबई रीडायल’, म्हणजे पुन्हा रंगवलेल्या डायलचे घड्याळ, म्हणून संशयाने पाहतात, ही गोष्ट मला मनापासून बोचते.

म्हणून आधी डायल मूळचीच आहे का, हे तपासले. दहापट भिंगाखाली पाहिल्यावर ‘सीमास्टर’ या अक्षरांची वळणे सलग आणि धारदार दिसली, सहाच्या खाली ‘स्विस मेड’ ही अक्षरे अगदी काठाशी आणि मधल्या रेषेला दोन्ही बाजूंनी समान अंतरावर होती, मिनिटांच्या रेषा तासांच्या धातूच्या खुणांशी तंतोतंत जुळत होत्या, आणि त्या खुणांच्या मुळाशी रंग साचलेला नव्हता. पुन्हा रंगवलेल्या डायलमध्ये या चारांपैकी एखादी तरी गोष्ट सहसा चुकतेच. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत राहिलेल्या डायली मी पाहिल्या आहेत. त्यांवरचा लाखेचा थर फुगून सुटतो. जालन्याच्या कोरड्या हवेत, कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेल्या या डायलवरचा थर जसाच्या तसा आहे, आणि आपल्या भागातून निघणाऱ्या घड्याळांचे हे बलस्थान आपण पुरेसे ओळखलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजाराचा विचारही याच दिशेने गेला. टाळेबंदीच्या काळात चढत गेलेले फेरविक्रीचे भाव २०२२च्या पहिल्या काही महिन्यांत शिखरावर पोहोचले आणि नंतर दीर्घकाळ उतरत राहिले. रोलेक्स डेटोना, पाटेक फिलिपची नॉटिलस, ओडेमार पिगेची रॉयल ओक या पोलादी मॉडेलांवर पैज लावणाऱ्यांना त्याची झळ सर्वाधिक बसली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रोलेक्सने स्वतःच प्रमाणित जुन्या घड्याळांची योजना दोन वर्षांच्या हमीसह आणली, आणि खुल्या बाजारापेक्षा चढा भाव असूनही लोक त्या हमीसाठी पैसे मोजू लागले. भारतापुरते पाहिले, तर १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंडसह एफ्टा (युरोपातील चार देशांचा व्यापारी गट) देशांशी झालेला व्यापार करार अमलात आला असून त्यानुसार स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरायचे आहे. नवे घड्याळ स्वस्त झाले की दोन-तीन वर्षे जुन्या घड्याळाच्या भावावर दाब येणारच. परंतु १९६२च्या न रंगवलेल्या डायलीचा पुरवठा कोणत्याही कराराने वाढत नाही.

डायलीवर किती अवलंबून असते, याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे हॉलिवूड अभिनेते पॉल न्यूमन यांची रोलेक्स डेटोना. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर मिळाले. त्यात मालकाच्या नावाचा वाटा मोठा होता हे खरे, पण त्याच संदर्भ क्रमांकाच्या (म्हणजे त्याच मॉडेलच्या), तशाच विशेष डायलच्या इतर डेटोनाही साध्या डायलवाल्यांपेक्षा कितीतरी महाग विकल्या जातात, जरी केस (घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच) आणि मशीन दोन्हींत सारखीच असली तरी.

हे शहाणपण मला नुकसान सोसूनच आले. सहा वर्षांपूर्वी माझी फावर-लूबा सी किंग एका दुकानात केवळ ऑइलिंगसाठी दिली होती. परत आली तेव्हा केस आरशासारखी चकचकीत होती, पट्टा अडकवण्याच्या शिंगांच्या कडा गोल झाल्या होत्या आणि डायलवर नवी, जाडसर अक्षरे होती. मला न विचारता हे केले गेले होते. ते घड्याळ मी अजून वापरतो, पण त्याच्याकडे पाहताना आजही वाईट वाटते.

त्यामुळे या वेळी छत्रपती संभाजीनगरात, सिटी चौकाजवळ चाळीस वर्षे घड्याळे उघडत असलेल्या चाचांकडे गेलो आणि काय करायचे नाही, तेच आधी कागदावर लिहून दिले. चाचांनी कागद वाचला, भिंग लावून डायल बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “डायलला मी फुंकरसुद्धा मारणार नाही, तुम्ही निश्चिंत राहा.” त्यांनी मशीन पूर्ण सोडवली, वाळलेले तेल धुऊन काढले, मेन स्प्रिंग बदलली आणि रोटरचा (हाताच्या हालचालीने फिरून चावी देणाऱ्या वजनाचा) झिजलेला भाग दुरुस्त केला. टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, या मशीनसाठी ठरलेला लिफ्ट अँगल ४९ अंश ठेवून पाहिले, तेव्हा डायल वर असताना आधी जेमतेम १९० अंश असलेली अँप्लिट्यूड (आतल्या झुलत्या चाकाच्या झोक्याचा पल्ला) २६५ अंशांवर आली होती. हातावर घातल्यावर घड्याळ दिवसाला ९ सेकंद पुढे जाते आणि चावी (कडेचे फिरवायचे बटण) खाली ठेवून रात्रभर उभे ठेवले तर त्यातले ४ सेकंद भरून निघतात.

आता एकच उणीव उरली आहे. बसवलेली चावी मूळची नाही; तिच्यावर ओमेगाचे चिन्ह नाही आणि ती केसच्या मानाने थोडी मोठी आहे. त्या काळातली खरी चावी मिळेपर्यंत हीच राहील, आणि घड्याळ विकायची वेळ आलीच, तर ती बदललेली असल्याचे मी सोबतच्या कागदावर लिहून देईन. बदललेली जुनी मेन स्प्रिंग लहान डबीत, तारखेच्या चिठ्ठीसह ठेवली आहे.