पाचशेचा संच दोनशेवर

भट्टीतली आग टिकवायला तेलाचा आधार न घेता कोळशाचा ५०० मेगावॅटचा वीजनिर्मिती संच २०० मेगावॅटवर स्थिर धरायचा, अशी चाचणी होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या नियमांनुसार कोळशाच्या संचांना क्षमतेच्या आधी ५५ आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरता यायला हवं. दुपारी सौर वीज भरपूर येते. तेव्हा कोळसा मागे हटला नाही, तर तीच कापावी लागते.

२७५ पर्यंत उतरणं आता रोजचंच. खरी कसोटी त्याखाली. २७५ला चार मिल, म्हणजे कोळसा दळणाऱ्या चक्क्या, प्रत्येकी ताशी ४७ टन कोळसा देत होत्या. २००ला चारही ठेवल्या तर वाट्याला ३६ टनच येतात. मिलला लागणारी किमान हवा तेवढीच राहते आणि ज्योत विरळ होते. म्हणून तीनच ठेवल्या, त्याही भट्टीतल्या बर्नरच्या लागोपाठच्या मजल्यांना कोळसा देणाऱ्या : सी, डी, ई. धोका एवढाच, की एक गेली तर तिसरा हिस्सा आग गेली.

२१५ला नेमकं तेच झालं. परतीच्या पावसाने भिजलेला चुरा डी मिलच्या बंकरच्या, म्हणजे कोळशाच्या कोठीच्या, तोंडाशी अडकला आणि मिलला कोळसा पुरवणारा फीडर रिकामा फिरू लागला. मधला मजला विझू लागला, ज्योतीवर नजर ठेवणारे फ्लेम स्कॅनर लुकलुकले, भट्टीचा ड्राफ्ट, म्हणजे आतला हवेचा दाब, हेलकावू लागला. लगेच आग सावरायला तेल फवारणाऱ्या गन लावल्या. त्याच सुमारास बॉयलरला पाणी देणाऱ्या फीडपंपाचा रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह (पाणी मागे वळवणारी झडप) उघडला आणि ड्रम लेव्हल, म्हणजे बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी, खाली गेली. ती हाताने सांभाळावी लागली. बंकर ठोकून मोकळा केला, तेल काढलं आणि पुन्हा उतरलो.

२०० टिकले. बर्नर वर झुकवूनही रिहीट वाफ, म्हणजे टर्बाइनमधून येऊन पुन्हा तापवलेली वाफ, ५४० ऐवजी ५१८ अंशांवरच राहिली. कोळसा विजेच्या एका युनिटला ६५० ग्रॅमऐवजी ७२० ग्रॅम लागला, म्हणजे प्रत्येक युनिटमागे कार्बन वाढलाच. पण पूर्ण भाराला ताशी ३२५ टन जळतात, इथे १४५. वाचलेल्या १८० टनांमागे साधारण अडीचशे टन कार्बन डायऑक्साइड टळतो. अर्थात ती जागा सौर विजेनं भरली तरच. शेजारचा जुना संच वर चढला, तर हा हिशेब कागदावरच राहतो.

बॉयलरचे ड्रम व हेडर (वाफेचे जाड नळ) आणि टर्बाइनचा रोटर यांच्या जाड धातूवर या रोजच्या चढउताराचा जो ताण येतो, त्याचे पैसे वीजदरात कुठे धरायचे, हा वाद वेगळा. पुढच्या चाचणीआधी मधल्या मिलच्या बंकरमध्ये शेडखालचा कोरडा कोळसाच भरायचा, असं ठरलं.