पीटर्सकर्कसमोरची गल्ली आणि आमची उपकारस्तुती

नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी लायडनमध्ये कुणालाच सुट्टी नसते. मी मात्र अर्ध्या दिवसाची रजा टाकते आणि सायकल काढून पीटर्सकर्कला जाते. अमेरिकेत त्या दिवशी थँक्सगिव्हिंग असतं, आणि नेदरलँड्समध्ये राहणारी अमेरिकन माणसं त्या सकाळी लायडनच्या या जुन्या चर्चमध्ये उपासनेला जमतात. एरवी इथे दर रविवारची भक्ती होत नाही. समारंभ होतात, मैफली होतात, परीक्षाही होतात. त्या एका सकाळी मात्र उंच दगडी खांबांमधून पुन्हा गीतांचा आवाज घुमतो. उपासना संपली की कॉफी आणि बिस्किटं.

पहिल्या वर्षी मी गेले ती ऑफिसातल्या एका अमेरिकन मैत्रिणीबरोबर, नुसती बघायला. इंग्लंडमधून पळून आलेली एक छोटीशी मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती माणसांचा गट, याच शहरात राहिली होती, तीच पुढे अमेरिकेत गेली आणि तिच्यामुळे हा सण सुरू झाला, एवढं तिने वाटेत सांगितलं. उपासना संपल्यावर आम्ही समोरच्या गल्लीत गेलो. क्लोकस्टेख म्हणजे घंटेची गल्ली. दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर भरून जाईल एवढीच ती वाटते. तिथे उभी असताना मला नगर जिल्ह्यातलं आमचं गाव आठवलं आणि घशाशी काहीतरी आलं. का ते सांगायलाच हे लिहिते आहे.

आमच्या गावात कापणीनंतर उपकारस्तुती होते, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायची उपासना. वेदीसमोर बाजरीची, ज्वारीची पोती, मिरच्यांची टोपली, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी. ज्याच्या शेतात जे आलं ते तो आणतो, आणि भक्तीनंतर त्याचा लिलाव होतो. पेटी, तबला, टाळ असतात. पण लिलावाच्या आधी आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, एक यादी वाचतात. गावातली मंडळी सुरू झाली तेव्हाच्या घरांची नावं असतात त्यात. चर्चची इमारत फार नंतर झाली. पहिली काही वर्षं उपासना व्हायची ती माझ्या आजीच्या आजोबांच्या पडवीत. पाऊस आला की सगळे आत सरकायचे, शेळ्याही आत यायच्या. आजी ही गोष्ट इतक्या वेळा सांगते की ती पडवी मी पाहिलेली नसूनही मला दिसते.

क्लोकस्टेखमध्ये मला दिसली ती पडवीच.

मैत्रिणीने सांगितलेली ती मंडळी मूळची इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरच्या स्क्रूबी गावची आणि आसपासची. राजाने ठरवलेल्या चर्चमध्ये त्यांचं मन लागेना. ख्रिस्ती माणसांनी आपसांत करार करून एकत्र यावं, आपला पाळक आपण निवडावा, वरून कोणा बिशपचा हुकूम नको, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता. गावचे पोस्टमास्तर विल्यम ब्रूस्टर यांच्या घरी ते गुपचूप जमत. १६०७ साली त्यांनी बोटीने हॉलंडला जायचा प्रयत्न केला तर ज्याला पैसे दिले त्या कप्तानानेच त्यांना पकडून दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा निघाले. तेव्हा पुरुष बोटीवर चढले, तेवढ्यात सशस्त्र माणसं येताना दिसली, आणि कप्तानाने नांगर उचलला. बायका-मुलं किनाऱ्यावरच राहिली. शेवटी थोडे थोडे करत सगळे आम्स्टरडॅमला पोहोचले.

तिथून त्यांचे पाळक जॉन रॉबिन्सन यांनी लायडनच्या नगरपालिकेला अर्ज केला. आम्ही बायका-पुरुष मिळून शंभरेक जण आहोत, आपापल्या धंद्यावर पोट भरू, कोणावर भार होणार नाही, आम्हाला इथे राहू द्या. १२ फेब्रुवारी १६०९ रोजी शहराने उत्तर दिलं. प्रामाणिक माणसांना हे शहर प्रवेश नाकारत नाही. इथले कायदे पाळा, नीट वागा, तुमचं स्वागत आहे. इंग्लंडच्या राजदूताने यावर तक्रार केली, तरी शहर आपल्या शब्दावर राहिलं.

माझा स्वतःचा राहण्याचा परवाना पहिल्यांदा हातात आला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. म्हणून असेल, पण या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे चार ओळींचं उत्तर. लायडनलाही अशा उत्तराची किंमत ठाऊक असावी. पस्तीस वर्षांपूर्वी, १५७४ साली, स्पॅनिश सैन्याच्या वेढ्यात हे शहर उपाशी मरत होतं. हजारो माणसं गेली. बांध फोडून पाणी आत घेतलं, त्या पाण्यावरून बोटी आल्या आणि ३ ऑक्टोबरला वेढा उठला. बोटींतून हेरिंग मासे आणि पांढरा पाव आला. आजही ३ ऑक्टोबरला शहरात हेरिंग आणि पाव वाटतात, गाजर-कांदा-बटाट्याचं हुत्स्पोत घरोघरी शिजतं, आणि त्या सकाळी पीटर्सकर्कमध्ये उपकारस्तुती होते. ही मंडळी इथे राहत असताना दरवर्षी तो दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होता. अमेरिकेतल्या सणाची कल्पना त्यांनी इथूनच नेली असं काही जण म्हणतात. पुरावा नसताना मी तसं म्हणणार नाही. पण वाचलेल्या माणसांनी देवाचे आभार कसे मानायचे, हे त्यांनी या शहरात पाहिलं होतं, यात मला शंका नाही.

१६११ मध्ये रॉबिन्सन आणि आणखी तिघांनी मिळून या गल्लीतलं एक मोठं घर घेतलं. किंमत ८,००० गिल्डर, हप्त्याहप्त्याने फेडायची. घराचं नाव ‘हिरवं दार’. पाळक तिथे राहायचे, मंडळी तिथेच जमायची, आणि मागच्या बागेत गरीब कुटुंबांसाठी एकवीस छोटी घरं बांधली. बाकी माणसं शहरात पसरली. लायडन तेव्हा कापडाचं शहर होतं, त्यामुळे शेती करणारे हात मागावर बसले, लोकर पिंजू लागले. विल्यम ब्रॅडफर्ड, जे पुढे अमेरिकेतल्या वसाहतीचे गव्हर्नर झाले, तेही इथे कापडच विणत होते. ब्रूस्टर विद्यापीठातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचे आणि नंतर छपाई करू लागले. त्या छपाईवर इंग्लंडचा राजा इतका चिडला की १६१९ मध्ये ब्रूस्टरना लपून बसावं लागलं.

थँक्सगिव्हिंगच्या चित्रांत हे कुठेच नसतं. चित्रात जहाज असतं, टर्की असते. जवळजवळ बारा वर्षं ही माणसं दुसऱ्याच्या देशात सकाळी उठून कामाला जात होती, हप्ते भरत होती, आणि रविवारी एका घरात बसून गात होती. मंडळी घडली ती या वर्षांत. जहाजावर चढली ती घडलेली मंडळी होती.

ते गेले का, याची कारणं ब्रॅडफर्डनी लिहून ठेवली आहेत. काम फार कष्टाचं होतं, माणसं अकाली म्हातारी होत होती, मुलांची शरीरं लहानपणीच कामाने वाकत होती. हॉलंडचा स्पेनबरोबरचा तह १६२१ मध्ये संपणार होता. आणि मुलं हाताबाहेर जात होती, इंग्रजपण हरवत होती. हे शेवटचं वाचताना मी थांबले. माझी सहा वर्षांची मुलगी आता मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर डचमध्ये देते. झोपताना मी तिच्याबरोबर मराठीत प्रार्थना करते. शब्द तिला येतात, पण ते माझे म्हणून येतात. चारशे वर्षांपूर्वी याच गल्लीत कोणीतरी आई याच काळजीने जागी राहिली असेल. मी तिला दोष देणार नाही, आणि तरी मला इथून निघायचं नाही.

१६२० च्या जुलैत काही जण डेल्फ्सहाफन बंदरातून निघाले. बहुतेक मंडळी मागे राहिली, आणि मागे राहणाऱ्यांची संख्या जास्त असल्यामुळे पाळकही त्यांच्याबरोबर राहिले. निरोप देताना रॉबिन्सन काय म्हणाले ते मंडळीतल्या एडवर्ड विन्स्लोने पंचविसेक वर्षांनी लिहिलं: देवाच्या वचनातून अजून पुष्कळ सत्य आणि प्रकाश फुटायचा आहे. पुढे अमेरिकेला नेणारं मेफ्लॉवर जहाज, १०२ प्रवासी, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतली जवळजवळ निम्मी माणसं गेली. १६२१ च्या सुगीत उरलेल्यांनी तीन दिवस आनंद केला. तिथल्या मूळच्या वाम्पानोअग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट ९० माणसांसह आला आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. मका पेरायला शिकवणारा टिस्क्वांटम ज्या गावचा होता ते अख्खं गाव त्याआधीच साथीत मेलं होतं. पन्नासेक वर्षांत दोन्हीकडचे लेक-नातू एकमेकांशी भयंकर युद्ध लढले आणि वाम्पानोअगांचं जवळपास सर्वस्व गेलं. १९७० पासून त्यांचे वंशज आणि इतर मूळ रहिवासी ही वसाहत जिथे झाली त्या प्लिमथला याच गुरुवारी शोकदिन पाळतात. आभार मानताना हेही आठवलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्या पेरणीला ज्याने हात दिला त्याच्याच लोकांना विसरून केलेली उपकारस्तुती मला म्हणवत नाही.

रॉबिन्सन अमेरिकेला कधीच पोहोचले नाहीत. मार्च १६२५ मध्ये ते वारले आणि पीटर्सकर्कमध्ये त्यांना पुरलं. त्यांची म्हणून दाखवावी अशी कबर तिथे नाही. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर एक पाटी आहे, १८९१ साली अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल, म्हणजे आपला कारभार आपणच चालवणाऱ्या, मंडळ्यांनी बसवलेली. समोर ‘हिरवं दार’ होतं तिथे आता १६८३ मध्ये बांधलेली धर्मादाय घरं आहेत, मधोमध शांत अंगण. मागे राहिलेल्यांची मुलं हळूहळू डच होऊन गेली.

त्या पाटीवरचा काँग्रिगेशनल हा शब्द वाचला आणि मी आजीला फोन लावला. कारण आमच्या नगरकडच्या मंडळ्या त्याच वेलीवरच्या. मॅसॅच्युसेट्समधल्या काँग्रिगेशनल लोकांनी १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था काढली. तिचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडे दोडी दापूरला पटकीने वारले. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा, १८४२ पासूनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, हे सगळं आमच्या घरात नातेवाइकांसारखं बोललं जातं. १९७० मध्ये आम्ही उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झालो. पण मंडळी म्हणजे इमारत नव्हे, एकमेकांना शब्द देऊन बसलेली माणसं, हे जे आजी सांगते ते याच वाटेने तिच्यापर्यंत आलेलं आहे.

“सलाम, आजी,” म्हटलं, “आपल्या पडवीच्या आधीची पडवी सापडली.”

तिने सगळं ऐकून घेतलं. शहराने दिलेलं उत्तर मी मराठी करून सांगितलं, तेव्हा तिने ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, “आणि तो पाळक मागंच राहिला का गं? गरिबांपाशी?”

“हो.”

“नाव सांग. सावकाश. लिहून घेते.”

त्या वर्षी गावची उपकारस्तुती उशिरा होती, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. भावाने मला फोनवरून ती ऐकवली. मुलगी माझ्या मांडीवर होती. पाळकसाहेबांनी नेहमीची यादी वाचली, आमच्या घराचं नाव आलं, शेजारच्या घरांची नावं आली. मग ते थोडे अडखळले, कागद डोळ्यांजवळ नेल्यासारखे, आणि त्यांनी वाचलं, “लायडनचे पाळक, जॉन रॉबिन्सन.” पेटीचा सूर लागला. मुलीने विचारलं, मराठीत, “हे आपल्या गल्लीतले?” मी हो म्हणेपर्यंत तिकडे लिलाव सुरू झाला होता, आणि कोणीतरी लाल भोपळ्याला शंभर रुपये बोललं होतं.