बाटलीवर नुसतं ‘स्पिरिट’ लिहिलं होतं

अंगावर मारायचा लव्हेंडरचा फवारा घरीच करून बघू म्हटलं. तेल चांगलं मिळालं, गाडी अडली ती तेल विरघळवायच्या अल्कोहोलपाशी.

रंगाचे ब्रश धुवायला आणलेली जांभळट स्पिरिटची बाटली घरात होतीच. तेच वापरणार होते, पण आत काय आहे ते बाटलीवर कुठेच नव्हतं. म्हणून आधी थोडं वाचलं आणि हात आखडला. इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम काहीतरी मिसळतात, आणि अशा साफसफाईच्या स्पिरिटमध्ये ते बऱ्याचदा मिथेनॉल असतं. मिथेनॉल कातडीतून आणि वाफेतूनही शरीरात जातं. तिथे त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, इथेनॉल ७८ ला, मग तापवून उडवता येईल की, असंही डोक्यात आलं होतं! पण नुसत्या तापवण्याने ते पुरतं वेगळं होत नाही, आणि वाफ पेटली तर घरालाच आग.

मग व्होडका. ती ४० टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. तेल घातल्याबरोबर सगळं दुधासारखं पांढरं झालं आणि थोड्या वेळाने वर तवंग आला. आयसोप्रोपिल हे दुसरं अल्कोहोल कातडीला चालतं, पण त्याच्या दवाखानी वासापुढे लव्हेंडरचं काही चालेना.

शेवटी सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्याकडे ९५ टक्के इथेनॉल मागितलं आणि पैसे देण्याआधी सुरक्षा माहितीपत्रक मागवलं. नावं फसवी असतात, म्हणून मी कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला वेगळा ओळख क्रमांक, बघितले: इथेनॉलचा ६४-१७-५, मिथेनॉलचा ६७-५६-१. दुसरा कुठेही दिसला असता तर व्यवहार तिथेच संपला असता. यात मिसळलेलं होतं ते डिनाटोनियम बेंझोएट. ते अतिशय कडू असतं. हात चुकून ओठाला लागला की तोंड कडूजहर होतं, पण सौंदर्यप्रसाधनांत ते सर्रास वापरतात.

(याच नादात एका क्रीमवर ‘सेटिल अल्कोहोल’ वाचून ते मी कित्येक दिवस बाजूला ठेवलं होतं. ते मेणासारखं घट्ट असतं, क्रीम दाट करायला घालतात, आणि कातडी कोरडी करत नाही. नावापलीकडे त्याचा स्पिरिटशी काही संबंध नाही.)

७४ मिली इथेनॉलमध्ये २ मिली तेल विरघळवलं, मग १०० मिली होईपर्यंत डिस्टिल्ड पाणी. साधारण ७० टक्के अल्कोहोल, आणि या वेळी पाण्यासारखं नितळ! हे काम गॅस बंद ठेवून, खिडकी उघडून केलं, कारण याची वाफ घरातल्या साध्या तापमानालाही पेट घेते. कोपराच्या आत थेंबभर लावून दिवसभर वाट बघितली. काही झालं नाही.

पहिल्या दिवशी अल्कोहोलचाच वास पुढे होता. बाटली तीन आठवडे कपाटात अंधारात ठेवली, तेव्हा कुठे लव्हेंडर जाणवू लागलं.