मार्व्हल-कॅपकॉमचा जुना संच: घ्यावा का?

रविवार, रात्री. कॉलेज रोड, नाशिक

ऑनलाइन गेम दुकानांत सेल लागला की 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन'चा, म्हणजे गेम कंपनी कॅपकॉमने मार्व्हल कॉमिक्सची पात्रं घेऊन बनवलेल्या जुन्या गेमच्या संचाचा विषय निघतोच. आणि नाशिकात त्याआधी ठरलेला प्रश्न येतो: "त्यात मुस्तफा आहे का रे?" नाही. व्हिडिओगेम पार्लरमध्ये ज्याला सगळे मुस्तफा म्हणायचे तो 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' यात नाही. 'किंग ऑफ फायटर्स ९७' तर एसएनके या दुसऱ्या कंपनीचा, तो कॅपकॉमच्या संचात शोधूच नये. त्याची 'ग्लोबल मॅच' आवृत्ती वेगळी मिळते. तेवढंच खेळायचं असेल तर विषय इथेच संपला, पैसे वाचले.

संच २०२४ चा, आत सात गेम. १९९४ च्या 'एक्स-मेन: चिल्ड्रेन ऑफ द अ‍ॅटम'पासून २००० च्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २'पर्यंत सहा फायटिंगचे, आणि सातवा १९९३ चा 'पनिशर'. तो मारत मारत पुढे जायचा, दोघांनी मिळून खेळायचा. मुस्तफाची तहान त्यावर बऱ्यापैकी भागते.

घेण्याचं खरं कारण मला परवान्याचं वाटतं. मार्व्हलची पात्रं भाड्याची. २०१३ च्या अखेरीस कॅपकॉमचा करार संपला आणि 'मार्व्हल २' (म्हणजे 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २') प्लेस्टेशन व एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानांतून गायब झाला, तो थेट या संचातच परत आला. शिवाय संचातले 'मार्व्हल २' सोडून बाकीचे फायटिंगचे गेम पार्लरच्या मशीनमध्ये ज्यावर चालायचे, त्या मूळ सीपीएस-२ सर्किट बोर्डात एक बॅटरी असते. ती संपली की गेमचं कुलूप उघडणारी चिपमधली किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. म्हणजे जुनं मशीन घेऊन ठेवणं हाही काही निर्धास्त उपाय नाही.

जीव लागतो तो 'मार्व्हल २'मध्ये. ५६ पात्रं, तिघांची टीम. बटणं सहाच, पण स्ट्रीट फायटरची सवय इथे नडते: दोन ठोसे, दोन लाथा, दोन असिस्ट (टीममधल्या साथीदाराला मदतीला बोलवायचे). मध्यम ठोशाला वेगळं बटण नाही, हलका लागोपाठ दोनदा दाबला की दुसरा मध्यम पडतो. पॅडवर असिस्ट एल-२, आर-२ वर ठेवू नयेत. ते ट्रिगर खोल दाबावे लागतात, तेवढ्यात संधी जाते. एल-१, आर-१ बरे. पात्रांचा तोल विचाराल तर नाहीच. मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल, केबल या चौघांनी बाकीचे बावन्न जण बाकावर बसवलेत. ऑनलाइन रँकमध्ये पुन्हा पुन्हा हीच तोंडं दिसतात. त्याचा कंटाळा येणार असेल तर 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर'कडे वळावं.

"पूर्वीसारखा हात बसत नाही" या तक्रारीत निम्मा दोष टीव्हीचा. गेम सेकंदाला साधारण ६० फ्रेमचा, एक फ्रेम म्हणजे जेमतेम १७ मिलिसेकंद. टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसला की त्यात चार-पाच फ्रेम सहज जातात, आणि वेळेवर दाबलेला ब्लॉकसुद्धा उशिराचा ठरतो. टीव्हीत गेम मोड लावावा. काही टीव्हींत तो एकेका एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा असतो, तेव्हा कन्सोल ज्या पोर्टला आहे तिथेच तो चालू आहे ना, हे बघावं. चित्र ४:३ मध्येच ठेवावं, पडदाभर ताणलं की वुल्व्हरिन फुगतो.

ऑनलाइनसाठी रोलबॅक नावाची पद्धत आहे. समोरच्याचं बटण यायची वाट न बघता गेम अंदाजाने पुढे जातो, आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन दुरुस्त करतो. पिंग, म्हणजे नेटवरून संदेश जाऊन यायचा वेळ, जास्त पण स्थिर असेल तर निभतं. वाय-फायची धरसोड मात्र निभत नाही, पात्रं टुणकन जागा बदलतात. राउटरपासून लॅन केबल ओढावी. क्रॉसप्ले नाही, हे घेण्याआधीच मित्रांमध्ये विचारून घ्यावं. तू पीसीवर, तो प्लेस्टेशनवर, तर दोघं एकत्र खेळूच शकत नाही.

सरावाला ट्रेनिंग मोड उत्तम. हिटबॉक्स दिसतात, म्हणजे लाथ नेमकी कुठपर्यंत लागते ते चौकोनात कळतं. पार्लरमध्ये हे कळायला नाण्यांमागून नाणी जायची.

पार्लरसारखी दांडा-बटणांची स्टिक घरी बनवणाऱ्यांसाठी: बटणाला ३० मिमीचं भोक, दांड्याला साधारण २४. खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, १८ मिमीच्या प्लायमध्ये त्यांची पकड बसत नाही. वरचा पत्रा अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्यावा, खाली लाकडी पेटी. बटणं कन्सोल-पीसीला जोडणाऱ्या यूएसबी एन्कोडर बोर्डावर 'झिरो डिले' लिहिलेलं असतं, त्यावर फार विसंबू नये. दांड्याची हालचाल अडवणाऱ्या चौकोनी चौकटीत, म्हणजे गेटमध्ये, दांडा कोपऱ्यात गेला की तिरकी दिशा लागते. हादोकेन (स्ट्रीट फायटरमधला हातातून सुटणारा गोळा) सुटत नसेल तर बहुतेक वेळा हात खालून सरळ पुढे जातो, मधला कोपरा राहून जातो.