गोठवणाऱ्या फुग्याची पातळ भिंत

रोगट ऊती गोठवून नष्ट करण्याच्या उपचाराविषयी, म्हणजेच क्रायोसर्जरीविषयी, जे काही लिहिले जाते त्यात बहुधा थंडी निर्माण करणाऱ्या वायूंचेच कौतुक असते. ती थंडी शरीरात आतवर पोहोचवणाऱ्या आणि नको तिथे तिला अडवणाऱ्या पॉलिमरकडे, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंनी बनलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थांकडे, फारसे कोणाचे लक्ष जात नाही. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत देखणी अभियांत्रिकी तिथेच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जेम्स अर्नॉट यांनी बर्फाचा चुरा आणि मीठ यांचे मिश्रण अर्बुदांवर (गाठींवर) लावून पाहिले, पण ती थंडी वरवरच राहत असे. 1961 मध्ये न्यूयॉर्कचे मेंदूशल्यविशारद अर्व्हिंग कूपर आणि आर्नल्ड ली यांनी द्रव नायट्रोजनवर चालणारी शलाका बनवली. उणे 196 अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या द्रवामुळे खोलवरची ऊती गोठवणे शक्य झाले.

पेशी मरतात त्या मात्र केवळ थंडीने नव्हे. तापमान सावकाश उतरले तर बर्फ प्रथम पेशीबाहेर धरतो, बाहेरचे द्रावण खारट होत जाते आणि पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. ते झपाट्याने उतरले तर बर्फाचे स्फटिक पेशीच्या आतच तयार होतात. पुढे बारीक रक्तवाहिन्या बंद पडून उरलेल्या पेशींचाही रक्तपुरवठा तुटतो. ऊतीला आधार देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचा सांगाडा मात्र बराचसा शाबूत राहतो, आणि हृदयासारख्या अवयवात ही गोष्ट फार मोलाची ठरते.

अलिंदाचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचे, ठोके अनियमित करणारे विद्युत्संकेत बहुधा फुप्फुसीय शिरांमधून उगम पावतात, हे फ्रान्समध्ये मिशेल आयसागेर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिले. हे संकेत हृदयात पसरू नयेत म्हणून अशा शिरेच्या तोंडाभोवती निकामी ऊतीचे कडे करायचे, तर मांडीतील शिरेतून हृदयापर्यंत जाणारे लवचिक साधन हवे. धातूची ताठ शलाका इथे कामाची नाही, आणि त्यातूनच क्रायोबलूनची वाट निघाली. कॅथेटरच्या, म्हणजे शरीरात सरकवायच्या बारीक नळीच्या, टोकाच्या फुग्यात द्रवरूप नायट्रस ऑक्साइडचा फवारा मारतात, त्याची वाफ होताना भोवतालची उष्णता शोषली जाते आणि फुग्याला टेकलेली ऊती गोठते. अमेरिकेत या साधनाला डिसेंबर 2010 मध्ये मान्यता मिळाली.

आता या फुग्याच्या भिंतीकडून काय काय अपेक्षित आहे ते पाहा. घडी होऊन ती बारीक नळीत मावली पाहिजे, मग फुलून सुमारे 28 मिलिमीटर व्यासाची झाली पाहिजे आणि कडाक्याच्या थंडीतही ठिसूळ होता कामा नये. पॉलिमर मुळात उष्णतेचे मंदवाहक असल्याने ती अतिशय पातळ हवी, पण फुटून वायू रक्तात शिरला तर जिवावर बेतेल, म्हणून मजबूतही हवी. पॉलियुरेथेनसारखे पॉलिमर येथे उपयोगी पडतात, कारण त्यांच्या साखळीतील मऊ खंड लवचिकता देतात आणि कठीण खंड आकार धरून ठेवतात. तरीही अभियंत्यांनी एका भिंतीवर भरवसा ठेवलेला नाही. एका फुग्यात दुसरा फुगा बसवून दोहोंमध्ये निर्वात पोकळी ठेवली जाते आणि तिच्यात गळती जाणवताच शीतवायूचा पुरवठा तोडला जातो. हा विचार मला मूळ कल्पनेइतकाच मोठा वाटतो.

मऊपणाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. फुगा शिरेचे तोंड पुरते बंद करू शकला नाही, तर फटीतून वाहणारे उबदार रक्त त्या जागेला गोठूच देत नाही.

थंडी आवरणे हे मात्र वेगळेच कौशल्य आहे. उजव्या बाजूच्या शिरांजवळून श्वासपटलाची नस जाते, म्हणून गोठवताना तिला विद्युत्संकेत देत श्वासपटलाच्या आकुंचनावर हात ठेवून लक्ष ठेवतात आणि ते मंदावताच उपचार थांबवतात. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथी गोठवताना मूत्रमार्गात कोमट द्रव फिरवणारी नळी घालतात. ती नसेल तर मूत्रमार्गाचे अस्तर सडून गळण्याचा धोका असतो.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 762 रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात हा फुगा रेडिओलहरींच्या उष्णतेने केलेल्या उपचारापेक्षा कमी पडला नाही. त्यानंतर गोठवतानाही आतला दाब स्थिर राखणारे, आणि गरजेप्रमाणे 28 किंवा 31 मिलिमीटर व्यासाचे होऊ शकणारे फुगे आले.