रणचित्रांची भिंत: पावसाळ्यातली खबरबात

यंदाच्या पावसाळ्यात नवी खरेदी थोडी, डागडुजीच जास्त. पानिपतच्या चित्राची फ्रेम उघडली तर मागचा हार्डबोर्ड दमट आणि कडेला कसर लागलेली. हार्डबोर्ड फेकून आम्लविरहित बोर्ड घातला, काच कागदाला टेकू नये म्हणून माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, जाड घेतला. चित्राला फेव्हिकॉल लावू दिला नाही. वरच्या कडेला कागदी पट्ट्यांवर नुसतं टांगलंय. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडचा फ्रेमवाला म्हणाला, "साहेब, देवाच्या फोटूला बी एवढं कोण करत न्हाई!"

माझ्याकडं आहे ती छापील प्रत; मूळ चित्र १७७० च्या सुमाराचं, फैजाबाद शैलीतलं, आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. फैजाबाद अवधचं, आणि अवधचा शुजाउद्दौला त्या दिवशी अब्दालीकडून उभा. त्यामुळं अब्दाली तपकिरी घोड्यावर ऐटीत, आणि घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, "भाऊसाहेब कुठं हायत?" मला मात्र मधल्या तोफांच्या समोरासमोरच्या दोन कमानी बघत बसायला आवडतं. १४ जानेवारी १७६१ ची लढाई समजून घ्यायला तेवढ्या पुरतात.

त्याच्या शेजारी लेडी बटलर या इंग्लिश चित्रकर्तीचं १८८१ चं 'स्कॉटलंड फॉरएव्हर'. वॉटर्लूवरचे, म्हणजे नेपोलियनच्या शेवटच्या लढाईतले, घोडे सरळ अंगावर येतात. आदल्या रात्रीच्या पावसानं जमीन भिजलेली होती, त्यामुळं खरी चढाई अशी चौखूर झालीच नाही. चित्र म्हणून तरीही तोड नाही. भिंतीवरून हलणार नाही.

अडलंय ते पावनखिंडीवर. पन्हाळा इथून वीसेक किलोमीटर, आणि आपल्याच लढाईचं धड चित्र मिळेना! जुलै १६६०, मुसळधार पाऊस, रात्रभर चालून आलेले बांदल मावळे; आणि बाजारातल्या चित्रांत लख्ख ऊन, इस्त्रीचे अंगरखे. बाजीप्रभूंच्या पायाला चिखलाचा ठिपका नाही. पावसात कधी तिकडं गेलेल्या माणसाला हे पटणार कसं?

एकानं "जुनं लिथो हाय", म्हणजे दगडावरून छापलेलं, असं म्हणून भरमसाट किंमत सांगितली. भिंग लावलं तर रांगेत बसलेले चार रंगांचे ठिपके, म्हणजे सरळ ऑफसेट, आजची यंत्रछपाई. दगडावरच्या छपाईत रंगाचे कण असे आखल्यासारखे बसत नाहीत, वेडेवाकडे पसरतात. नमस्कार करून निघालो.

चिखलातली पावनखिंड कुणाच्या पाहण्यात आली तर सांगा. आजची छपाई असली तरी चालेल, फक्त ती जुनी म्हणून विकू नका. फ्रेम नकोच, ती मी बघतो.